नारोपंत कावळे यांचे शोकशिबिर

बालमित्रांनो, मांडी घालून नीट बसा. गोष्ट एका जंगलातली आहे. ते जंगल नकाशात सापडत नाही, तेव्हा तिथे जे घडले त्याचे कोणी मनाला लावून घ्यायचे कारण नाही.

या जंगलात नारोपंत नावाचे एक कावळे राहत. शोक या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. नदीच्या घाटावर दहाव्याचा पिंड ठेवला, की माणसेसुद्धा हात जोडून त्यांची वाट बघत. त्यांचा थोरला भाऊ विजेच्या तारेला चिकटून गेला, तेव्हा तीनशे कावळे दिवस मावळेपर्यंत ओरडत होते. त्या ओरडण्याचा नारोपंतांना खरोखर आधार वाटला होता. तेव्हापासून त्यांच्या लेखी दुःख म्हणजे तीनशे कावळे.

खालच्या घळीत पिसोरी राहत. पिसोरी म्हणजे सशाएवढे हरीण. अंगावर ठिपके, पाय काडीसारखे. पाचोळ्यावरून गेली तरी चाहूल लागत नाही, आणि ओरडत तर ती कधीच नाहीत.

एके सकाळी हौसा नावाच्या पिसोरीचे पाडस बिबट्याने नेले. नारोपंतांनी ते झाडावरून पाहिले. घसा साफ करून ते लगेच भेटायला गेले.

हौसा झुडपाखाली बसली होती. एकेक पिसोरी येई, तिचा कान चाटी आणि निघून जाई. पाडस निजायचे तिथले गवत कोणी खात नव्हते. हौसा अंग आखडून बसली होती, कुशीत पाडसापुरती जागा मोकळी ठेवून.

नारोपंतांनी हे सगळे पाहिले. त्यांना काहीच दिसले नाही.

"रडायला कधी सुरुवात करणार?" त्यांनी विचारले.

हौसाची सासू भिवराबाई म्हणाली, "चाललंय की, पंत."

"मला तर ऐकू येत नाही."

"ऐकू येऊ नये, असंच रडतो आम्ही."

नारोपंत जड मनाने परतले. त्या रात्री त्यांना घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वडावर सभा बोलावली.

"त्या बिचाऱ्यांना भावनाच नाहीत," ते म्हणाले. "पण यात त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी शिकवलेलं नाही."

सभा हळहळली. मागच्या फांदीवरून एकाने विचारले, "आतल्या आत वाटत असेल का हो त्यांना?"

"वाटलं असतं तर बोलली नसती?" नारोपंत म्हणाले.

हे सगळ्यांना पटले. मनात आलेली गोष्ट आजवर कोणत्याही कावळ्याने मनात ठेवलेली नव्हती.

ठराव झाला. तिसऱ्या दिवशी चाळीस स्वयंसेवक घळीत उतरले. 'मोकळे व्हा' असा फलक लागला. उद्घाटनाचे भाषण झाले. पिसोरी झुडपांतून नुसती बघत राहिली.

भिवराबाई पुढे आली. "पंत, बिबट्या घळीच्या तोंडाशीच बसलेला असतो. आमचा आवाज आला की येतो. आमच्या आज्या-पणज्या गप्प राहिल्या, म्हणून आम्ही आहोत."

नारोपंत मायेने हसले. "प्रत्येक मागासलेल्या समाजात अशी एखादी समजूत असतेच, बाई. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओरडतो आहोत. आम्हाला कधी बिबट्याने नेलं?"

"तुम्ही उडता."

"विषय बदलू नका."

एव्हाना वानरिणी फांद्यांवर गोळा झाल्या होत्या. पोटचं गेलं तरी हिचा डोळा ओला नाही, असे त्यांचे हलक्या आवाजात चालले होते. त्या हलक्या आवाजातले सगळे हौसाला ऐकू येत होते.

नारोपंत खाली उतरले. हौसाच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी हळुवारपणे विचारले, "पाडस तुझंच होतं ना गं?"

हौसा उठली.

भिवराबाई आडवी गेली. हौसाने तिचा कान चाटला आणि ती मोकळ्यावर जाऊन उभी राहिली. ओरडायचे कसे हे तिला माहीत नव्हते. पहिल्यांदा नुसता श्वास निघाला. मग एक बारीक चिरका सूर. नारोपंतांचे डोळे भरून आले.

"छान. आता पोटातून," ते म्हणाले.

तिसरा सूर पोटातून आला. त्यात तिचे पाडस होते, तीन दिवस होते, वानरिणींचे बोलणेही होते. अख्खी घळ त्याने भरून गेली. झुडपांतली पिसोरी दिसेनाशी झाली. कावळे फांद्यांवर गेले.

बिबट्याला फार वेळ लागला नाही.

मग वडावरून सगळे कावळे आले आणि दिवस मावळेपर्यंत ओरडले. नारोपंतांचा आवाज सर्वांत वर होता. इतका मनापासून शोक बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, असे सगळ्यांचे मत पडले. शिबिराच्या अहवालात नारोपंतांनी लिहिले, 'शिबिरार्थीने अल्पावधीत समाधानकारक प्रगती केली.'

सकाळी ते भिवराबाईच्या सांत्वनाला गेले, तर घळ रिकामी होती. सगळी पिसोरी निघून गेली होती. कोणत्या दिशेला, ते कळायला मार्ग नव्हता.

नारोपंत एका दगडावर बसले. त्यांनी साद घालायला चोच उघडली, पण आवाज फुटेना. छातीत काहीतरी जड होऊन बसले होते. ते बाहेरही येत नव्हते आणि जातही नव्हते. असे त्यांना पूर्वी कधी झाले नव्हते. त्यांना भीती वाटली.

"घसा बसलाय," शेवटी ते स्वतःशी म्हणाले. "आणि ही मंडळी बघा. जाताना निरोप घ्यायचीसुद्धा रीत नाही यांच्यात."

एवढे बोलल्यावर त्यांना बरे वाटले. पलीकडच्या डोहावर कोणी म्हातारे कासव वारल्याचे त्यांच्या कानावर आले होते, आणि तिथेही म्हणे सारे शांत होते. नारोपंतांनी पंख झटकले आणि ते डोहाकडे निघाले.

तात्पर्य: दुसऱ्याचे दुःख खरे आहे की नाही, हे पाहायचे असेल तर त्याला आपल्या पद्धतीने रडायला लावावे. तो रडला नाही, तर त्याला भावनाच नव्हत्या. रडून मेला, तर तो सुधारला.