डाव्या पायावरचा शिक्का

रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढली, पण माझ्या हातून एकही फाइल चुकीच्या कपाटात गेलेली नाही! साहेब आले आणि गेले, कपाटांना वाळवी लागली, फाइल मात्र जिथल्या तिथे. असा माणूस घरात असताना बायकोच्या पायाचं ऑपरेशन चुकेलच कसं? तुम्हीच सांगा!

बायको शाळेची व्हॅन चालवते. सकाळी चौदा पोरं नेते, दुपारी चौदा परत आणते. दोन-तीन वर्षांपासून तिच्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर यायला लागलं आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलायला लागला. डॉक्टर याला बनियन म्हणतात. नावाला हसू नका, दुखणं खरं असतं. होतं दोन्ही पायांना, पण उजवा अगदी डोळ्यात भरण्यासारखा. डावा आपला बेताचा.

"अहो, मला डावा जास्त ठणकतो," ती एकदा म्हणाली होती.

"अगं, डाव्याला काय धाड भरलीय? उजवा बघ की!" असं म्हणून मी उजव्या पायाच्या नावानं फाइल उघडली.

हाडांच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत नीट समजावलं. "आधी साधे उपाय करू. रुंद बूट, बोटांमध्ये मऊ गादी, रात्री पट्टी, थोडा व्यायाम. यानं हाड मागे जाणार नाही, पण दुखणं कमी होऊ शकतं. नाहीच झालं तर ऑपरेशन. हाड कापून सरळ करायचं, स्क्रू बसवायचे, पुढे सहा आठवडे पाय जपायचा. दिसायला वाकडा आहे म्हणून मी कापत नाही, दुखतं म्हणून कापते. तर, दुखतो कुठला?"

"उजवा!" मी म्हणालो.

बायकोनंही तोंड उघडलं होतं, पण मी आधीच एक्स-रे पुढे सरकवला होता.

सहा महिने मी जिवाचं रान केलं. गादी उजव्या पायाला, पट्टी उजव्या पायाला, व्यायाम उजव्या अंगठ्याचा, तोही घड्याळ लावून! दुखणं तसूभर हटलं नाही. शेवटी ऑपरेशनची तारीख मिळाली.

आणि इथे माझ्यातला रेकॉर्ड कीपर जागा झाला. भलताच पाय कापल्याच्या गोष्टी आपण ऐकतोच. म्हणून आदल्या संध्याकाळी ऑफिसातला 'रद्द' असा मोठा शिक्का घरी आणला, जांभळ्या शाईत चेपला आणि बायकोच्या डाव्या पायावर दाणकन मारला!

"अहो, हे काय?"

"आता चुकायची कोणाची टाप नाही!"

ती बराच वेळ त्या शिक्क्याकडे बघत बसली. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

तिला पायावर पाय टाकून झोपायची सवय आहे, हे मात्र माझ्या ध्यानात राहिलं नाही.

सकाळी दवाखान्यात नर्सबाईंनी चादर वर केली आणि त्या थबकल्याच. "अगंबाई! दोन्ही पाय रद्द?"

"छे छे! उजव्यावरची अक्षरं उलटी आहेत बघा. म्हणजे तो शिक्का खोटा! अस्सल डावा. एकतीस वर्षं मी हेच—"

"साहेब, हा पाय आहे."

त्यांनी स्पिरिटनं पुसलं. शाई गेली नाही, पसरली. दोन्ही पाय वांग्यासारखे झाले! तेवढ्यात हातात खुणेचं पेन घेऊन डॉक्टरबाई आल्या. त्या हसल्या नाहीत. मी खुलासा करायला पुढे झालो, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"तुम्ही नाही. यांना बोलू द्या. ताई, कुठला पाय दुखतो?"

बायको माझ्याकडे बघून मग खाली बघत म्हणाली, "डावा."

"मग उजव्यासाठी सही का केलीत?"

"हे म्हणाले म्हणून. मला वाटलं, जास्त वाकडा असेल तो आधी करत असतील. मग माझा करतील."

मग ती आपणहून बोलायला लागली. "क्लच डाव्या पायानं दाबतात ना, डॉक्टर. उतारावर सारखा दाबावा लागतो. मागे पोरं गात असतात. मागच्या महिन्यात कळ आली आणि पाय सटकला. गाडी आचका देऊन पुढे गेली. पुढे कोणी नव्हतं म्हणून बरं. तेव्हापासून मला धड झोप नाही."

हे मला माहीत नव्हतं. ती माझ्या शेजारीच झोपत होती, आणि मला माहीत नव्हतं! लाजेनं मला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "आज ऑपरेशन नाही. चूक माझीही आहे, मी यांचं ऐकून घेतलं. डाव्या पायावर तर अजून एकही उपाय झालेला नाही. तो आधी करू. कदाचित कापायची वेळच येणार नाही. पण दुखणं उतरेपर्यंत व्हॅन दुसऱ्या कोणाला चालवू द्या."

"देते," बायको म्हणाली. तिचा चेहरा कित्येक दिवसांनी सैल झाला होता.

बाहेर नर्सबाई नवा कागद भरायला बसल्या. कधीपासून दुखतं, चढावर की उतारावर, कळ कुठपर्यंत जाते. बायको एकेक सांगत होती. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

"पायाबद्दल पुढे काही ठरवायचं झालं तर बोलायचं कोणाशी?" नर्सबाईंनी विचारलं.

"माझ्याशी."

"आणि हे?"

बायकोनं माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं.

"हे सोबत आलेत."