पेजवर सभ्य भाषा वापरावी!

"एक महिना! फक्त एक महिना द्या मला, सगळं जग आपल्या संस्थेला ओळखायला लागेल!"

लासिना देंबेलेने ही घोषणा केली तेव्हा आंब्याखाली चहाचा पहिला पेला फिरत होता. तिन्ही पेल्यांत पहिला कडू असतो, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे गंभीर होते. लासिनाला वाटलं, मंडळी भारावली आहेत.

लासिना हा कुतियाला गावच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि 'देमे' संस्थेचा चिटणीस होता. देमे म्हणजे मदत. नुकताच तो राजधानीत, बामाकोला जाऊन 'सेवाभावी संस्थांसाठी सोशल मीडिया' नावाचं शिबिर करून आला होता. येताना एक टोपी, एक प्रमाणपत्र आणि तोंडभर नवे शब्द घेऊन आला. प्रमाणपत्राला त्याने चौकट केली आणि ते लग्नाच्या फोटोच्या खिळ्याला लटकवलं.

"अहो, आणि फोटो कुठे गेला?" बायकोने, म्हणजे वासाने विचारलं.

"कपाटात सुरक्षित आहे."

"बरोबर आहे. लग्न काय, कुणीही करतं!"

देमे संस्थेचं काम एकच, पण मोलाचं. आजारी माणसांना आणि अडलेल्या बायकांना दवाखान्यात पोचवायचं. त्यासाठी एक गाडी होती आणि एक गाढव होतं. गाडी देंबेले घराण्याची, गाढव कोने घराण्याचं. गाढवाला लहर आली की ते भररस्त्यात बसायचं. मध्यंतरी एका बाईची प्रसूती सरकी गिरणीसमोरच झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, गाढव मात्र दुपारपर्यंत उठलं नाही! तेव्हापासून सगळ्यांना तीनचाकी मोटारगाडीचा ध्यास लागला होता. बेल्जियममधलं एक मित्रमंडळ ती द्यायला तयार झालं. गाडी बोटीतही चढली. अट एकच होती. संस्थेचं फेसबुकवर पेज हवं, म्हणजे तिकडच्या सभासदांना इकडचं काम दिसेल.

म्हणून लासिना बामाकोला गेला होता. आणि आता गाडी आबिजानच्या बंदरातून सोडवून आणायची सगळी जबाबदारी त्याच्या त्या टोपीखाली येऊन बसली होती.

पेजवर पहिला फोटो पडला. गाढवगाडी, शेजारी लगाम धरून उभा संस्थेचा अध्यक्ष ब्रेहिमा कोने. ब्रेहिमा शिंपी, आणि लासिनाचा पहिलीपासूनचा जिवलग दोस्त. खाली लासिनाने लिहिलं, 'रुग्णसेवेत मग्न आमचे अध्यक्ष.'

आबिजानला असलेल्या लासिनाच्या चुलतभावाने ताबडतोब विचारलं, 'यातलं गाढव कोणतं?'

ब्रेहिमाने उत्तर दिलं, 'फोटो काढतंय ते.'

झालं! ठिणगी पडली!

कोने आणि देंबेले एकमेकांशी सरळ बोलतील तर शपथ. पूर्वजांनीच तसं नातं घालून दिलंय. देंबेलेने कोनेला चवळीखाऊ म्हणायचं, कोनेने देंबेलेला आपला गुलाम म्हणायचं, आणि मग दोघांनी पोट धरधरून हसायचं. यात राग यायची सोयच नाही. ज्याला राग येतो त्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड झाला असं समजतात. लासिनाची बायको वासा स्वतः कोनेंची लेक, त्यामुळे लासिनाला हा मान घरबसल्या दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर मिळायचा.

बघता बघता कुतियाला, बामाको, पॅरिस, जिथे म्हणून कोने आणि देंबेले होते तिथून सगळे पेजवर धावून आले.

'कोनेंना मोटार कशाला? परातभर चवळी खाऊ घाला, पेट्रोलशिवाय पळतील!'

'देंबेलेंनो, तुम्हाला आमच्या आजोबांनी एका कोंबडीच्या बदल्यात घेतलं. कोंबडी परत द्या, मग तोंड उघडा!'

'कोंबडी तुम्ही चवळीत घालून खाल्लीत!'

लासिनाला आनंदाने झोप येईना. शिबिरात सांगितलंच होतं, लोक जितके बोलतील तितकं पेज जिवंत! आणि हे पेज तर नुसतं जिवंत नव्हतं, थयथय नाचत होतं. त्याने मोठ्या अभिमानाने बेल्जियमला कळवलं, 'पाहा आमच्या लोकांचा सहभाग!'

त्यांनी पाहिलं. मोबाइलवर भाषांतर करून करून, अक्षर न् अक्षर पाहिलं.

मग मित्रमंडळाच्या अध्यक्षा ओदिल मॅडम यांचा फोन आला. आवाज कापत होता.

"महाशय, तुमच्या गावात गुलामगिरी आहे?"

"छे छे मॅडम! ती आमची थट्टा!"

"माणसांना कोंबडीच्या बदल्यात घेतलं, ही थट्टा?"

"प्रेमाने म्हणतो हो आम्ही!"

"जुलूम करणारे नेहमी असंच म्हणतात, महाशय!" मॅडम म्हणाल्या. "मला श्री. कोने यांच्याशी बोलायचंय. तेच पीडित दिसतात. त्यांना फक्त चवळीवर ठेवलंय!"

लासिनाने धावत जाऊन शिलाई मशीनवर बसलेल्या ब्रेहिमाच्या हातात फोन दिला आणि हात जोडून खुणा केल्या, नीट बोल, नीट बोल! ब्रेहिमाने घसा साफ केला. पण समोर देंबेले हात जोडून उभा असताना कुठल्या कोनेला राहवेल?

"मॅडम," तो म्हणाला, "या देंबेलेचं काही ऐकू नका. तो माझा गुलाम आहे. त्याला फोनला हात लावायची परवानगी कुणी दिली?"

मग मॅडमनी निकाल दिला. दोन्ही जमाती एकमेकींच्या जिवावर उठल्या आहेत. आपण स्वतः समेट घडवायला येत आहोत. तोवर गाडी बंदरातच राहील. पेजवर आणि संस्थेत एकही अपशब्द नको, सगळ्यांनी एकमेकांशी अदबीने वागावं, आणि तसे व्हिडिओ पाठवावेत!

"किती दिवसांचा प्रश्न आहे?" लासिना आंब्याखाली सगळ्यांना म्हणाला. "गाडी येईपर्यंत जिभेला गाठ मारा. त्यात काय अवघड आहे?"

त्याने पेजवरची सगळी चवळी पुसून काढली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'पेजवर सभ्य भाषा वापरावी!'

दुसऱ्या दिवशी ब्रेहिमा चहाला आला. लासिना उठून उभा राहिला.

"यावं, अध्यक्षसाहेब. बसावं. प्रकृती कशी आहे आपली?"

ब्रेहिमा दचकला. "कोण गेलं?"

"कुणी नाही. आपण चहा घेणार ना?"

ब्रेहिमाने चहा घेतला. तिन्ही पेले गप्प बसून घेतले आणि शेवटचा ठेवताना "आभारी आहे" म्हणाला. चाळीस वर्षांच्या दोस्तीत हा शब्द पहिल्यांदाच निघाला होता. लासिनाने व्हिडिओ पाठवला.

घरीही तेच. "आपण मीठ देता का?" असं त्याने वासाला विचारलं. वासाने मीठ दिलं आणि आत जाऊन आईला फोन लावला, "यांचं बाहेर काहीतरी चालू आहे गं! माझ्याशी चांगलं वागतायत!"

खरा स्फोट झाला तो लासिनाच्या नातवाच्या बारशाला. अशा वेळी कोने येणार, बाळाला माकड म्हणणार, हे आमचंच पोर म्हणून उचलून दारापर्यंत नेणार, आणि मग आजोबा त्याला चवळीची लाच देऊन पोर सोडवणार, हा रिवाज. त्याशिवाय बारसं पुरं होत नाही. सगळे देंबेले ब्रेहिमाची वाट पाहत होते. ब्रेहिमा आला, इस्त्रीचा झगा घालून. मोबाइलसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "नवजात बालकास व कुटुंबीयांस हार्दिक शुभेच्छा."

आणि बसला!

लासिनाची म्हातारी आत्या किंचाळली, "कोनेने बाळाला माकड म्हटलं नाही! आता याला दृष्ट लागल्याशिवाय राहते का! काय घोडं मारलं होतं आम्ही तुझं?"

"मी काय केलं?" ब्रेहिमाचा आवाज चढला. "विचारा तुमच्या चिटणिसांना! आमची खापरपणजोबांपासूनची चवळी एका बोटाने पुसली यांनी! मला 'आपण' म्हणतात! परका केलं मला, परका! माझ्याशी असं पोलीस बोलतात!"

तो तडक निघून गेला. जाताना गाढव घेऊन गेला. देंबेलेंनी रागाने गाडी आवारात ओढून घेतली. आता एकीकडे गाडीविना गाढव, दुसरीकडे गाढवाविना गाडी, आणि मधे रुग्णसेवा! पाय मोडलेल्या खाटकाला लासिनाने स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. खाटीकच तो, चांगला भरलेला! लासिनाची कंबर धरली ती धरलीच. पण कंबरेपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त दुखत होतं. ब्रेहिमाच्या दुकानावरून जाताना आतून एकही शिवी येत नव्हती.

अशात ओदिल मॅडम येऊन थडकल्या. पाहुण्याला आपल्याकडचं आडनाव द्यायचं, ही गावची रीत. अध्यक्ष या नात्याने ते काम ब्रेहिमाकडे आलं.

"आजपासून तुम्ही ओदिल कोने," तो म्हणाला. मॅडमना ते इतकं आवडलं की त्या भेटेल त्याला "मी कोने" म्हणून हात मिळवू लागल्या.

सभा भरली. एका बाजूला कोने, दुसऱ्या बाजूला देंबेले. मॅडम मधे.

"मनात साचलेलं मोकळेपणी बोला," त्या म्हणाल्या.

लासिना कंबर धरून उठला. "श्री. कोने हे अत्यंत आदरणीय गृहस्थ आहेत."

पलीकडून एक म्हातारा कोने कळवळला, "अरे अरे, किती लागेल असं बोलतोय!"

ब्रेहिमा उठला. "श्री. देंबेले यांच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही," तो म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

मॅडम गहिवरल्या. समेट झाला! त्यांनी बंदरातून गाडी सोडायचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. तेवढ्यात वासाने मधे चवळीच्या गरम भज्यांची थाळी आणून ठेवली. मॅडमनी कागद बाजूला सरकवून एक भजं उचललं, मग दुसरं, मग तिसरं.

ब्रेहिमाने हात पुढे केला. लासिनाकडे पाहिलं. लासिना नाकासमोर बघत सभ्यपणे बसला होता. ब्रेहिमाने हात मागे घेतला.

कोने चवळीवरून हात मागे घेतोय! कागद समोर होता, पेन उघडं होतं, एका सहीवर गाडी होती. सगळं कळत होतं लासिनाला. पण जीभ सुटली ती सुटलीच.

"अरे खा की, चवळीखाऊ! कुणाला दाखवतोस हे नखरे? रात्री गोठ्यात शिरून गाढवाच्या वाटणीची खातोस, आणि इथे लाजतोस?"

ब्रेहिमाने हळूच मान वर केली. त्याचा चेहरा असा फुलला की बस!

"गुलामा!" तो गरजला. "इतके दिवस कुठे मेला होतास रे?"

आणि त्याने लासिनाला कंबरेचा विचार न करता मिठी मारली. मग जे तुंबलेलं होतं ते सगळं फुटलं! दोन्हीकडून चवळी, कोंबड्या, गुलाम, माकडं नुसती उडायला लागली. आत्याबाई ब्रेहिमाच्या मांडीवर नातू ठेवून, "म्हण माकड! म्हण!" करत होत्या.

"थांबा! हा हिंसाचार आहे!" मॅडम ओरडल्या. त्यांचं पेन हवेतच राहिलं होतं.

लासिना आता थांबण्यापलीकडे गेला होता. "आणि तुम्ही हो! म्हणे कोने! अर्धी थाळी एकटीने फस्त केलीत! सगळं गाव एका बाजूला आणि तुमची चवळी एका बाजूला!"

हसणं एकदम थांबलं. मॅडमनी थाळीकडे पाहिलं. मग आपल्या तेलकट बोटांकडे पाहिलं. लासिनाच्या डोळ्यांसमोरून तीनचाकी गाडी टाटा करत बेल्जियमला परत निघाली. वासा पुढे झाली आणि मॅडमच्या कानात काहीतरी पुटपुटली. मॅडमचे कान लाल झाले. त्या ताठ उभ्या राहिल्या.

"गप्प बस, गुलामा!" त्या म्हणाल्या. "आणि आणखी भजी आण!"

असा गलका झाला की रस्त्यातलं गाढव आपणहून उठलं! मॅडमनी सही केली आणि दुसरी थाळीही संपवली. त्या गेल्या तेव्हा अख्खे कोने त्यांना बसपर्यंत पोचवायला गेले.

लासिना आंब्याखाली टोपी घालून बसला. "सांगितलं नव्हतं? एक महिना!"

आठवड्याभराने पुन्हा बेल्जियमहून फोन आला. या वेळी आवाज कुणा पुरुषाचा, अतिशय दुःखी.

"महाशय देंबेले, मी मित्रमंडळाचा हंगामी अध्यक्ष. ओदिल मॅडमना आम्ही पदावरून दूर केलंय. त्यांनी पेजवर तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून आम्हाला शरमेने मान खाली घालावी लागली. त्या तुम्हाला स्वतःचा गुलाम म्हणतात. तुम्हाला बाजारात उभं करून विकीन म्हणतात! या प्रकरणाची चौकशी होईपर्यंत गाडी बंदरातच थांबवली आहे. तुम्हाला किती दुखावलं असेल याची आम्हाला कल्पना आहे."

लासिनाने टोपी काढून ठेवली आणि फोन बायकोच्या हातात दिला. वासाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब," ती म्हणाली, "त्यांचं काही मनावर घेऊ नका. यांना विकायचंच असेल तर येईल त्या भावात विका, माझी ना नाही. पण गाडी तेवढी लवकर पाठवा!"