चाळीस वर्षांपूर्वीची शिंक

"शिंक खोटं बोलत नाही!" असं मी रेडिओवाल्या बाईंना फोनवर ठणकावून सांगितलं. तो माझा सूर आठवला की अजून कान गरम होतात.

मी यंत्रांचे आवाज तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मिक्सरच्या आवाजाचा आलेख पाहिला की त्याचं कोणतं बेअरिंग झिजलंय ते मला कळतं. मग माणसाची शिंक ती काय!

पण ही शिंक साधी नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी एका मोठ्या गायिकेच्या मैफलीचं रेकॉर्डिंग चालू असताना, गाण्याच्या अगदी हळव्या जागी श्रोत्यांतून कोणीतरी सणसणीत शिंकलं. गायिका थांबल्या, खुदकन हसल्या आणि हसत हसतच ती ओळ पुन्हा गायल्या. त्या हसण्यावर रेकॉर्ड घरोघरी खपली. आणि ते शिंकणारे म्हणजे माझे सासरे!

असं सासरे म्हणतात. दरवर्षी त्या तारखेला बाबा शेजाऱ्यांना बोलावतात, रेकॉर्ड लावतात, शिंक आली की उठून उभे राहतात आणि टाळ्या घेतात. सासूबाई त्या मैफलीत त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्या यावर काही बोलत नाहीत. चहा आणतात.

यंदा चाळिसावं वर्ष म्हणून रेडिओने त्या शिंकेच्या मालकाचा शोध सुरू केला आणि एक दंतवैद्य उगवला. "शिंक माझी!" म्हणाला. बाबांची झोप उडाली.

"आता शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवू?" ते म्हणाले. "निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे दुसरं आहे काय?"

म्हणून मी तो फोन केला. ठरलं असं, की रविवारी सकाळी थेट कार्यक्रमात दोघांनी फोनवर शिंकायचं आणि मी घरी लॅपटॉपवर आलेख जुळवून निकाल द्यायचा.

"तुम्ही सून असलात तरी शास्त्राच्या बाजूच्या आहात," रेडिओवाल्या बाई म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही."

"छे!" मी म्हणाले.

अडचण एकच निघाली. बाबांना शिंक येईना!

शनिवारी मी त्यांना उन्हाकडे बघायला लावलं. डोळ्यांना पाणी आलं. उशीतलं पीस नाकाखाली फिरवलं. त्यांना गुदगुल्या झाल्या. नवऱ्याने झाडू आणून गालिचा झोडपला, तर त्याचा त्यालाच खोकला लागला.

"बाबा, मनापासून प्रयत्न करा ना!"

"अगं, शिंक म्हणजे काय सरकारी अर्ज आहे, भरला की झालं?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "ह्यांना साधं पडसं झालेलं मी पाहिलं नाही."

रविवारी दंतवैद्याची पाळी आधी आली. तो उंदराने चोरून दार लोटावं तसा शिंकला. आलेखात टेकडीसुद्धा उमटली नाही. मी निकाल दिला, "नाही." बाबांच्या छातीत हवा भरली.

"आता आपले दुसरे दावेदार!" बाई म्हणाल्या.

बाबांनी तोंड उघडलं, डोळे मिटले, मान मागे टाकली... आणि तसेच राहिले. एखाद्या पुतळ्याचं उद्घाटन रखडावं तसे!

"हॅलो? आजोबा?"

नवऱ्याने घाबरून मिरपुडीची बाटली उघडली. झाकण निघालं, बाटली निसटली आणि सगळी मिरपूड पंख्याखाली पडली. खोलीभर करडा ढग उठला. मी नाक दाबलं, नवरा बाल्कनीत पळाला, बाबा ढगाच्या मधोमध ढिम्म! त्याच वेळी सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या.

अशी शिंक मी आयुष्यात ऐकली नव्हती. म्हणजे ऐकली होती. दरवर्षी, रेकॉर्डवर!

मी लॅपटॉपकडे पाहिलं. दोन आलेख जुळ्या भावंडांसारखे शेजारी उभे होते. तेच शिखर, तोच उतार, शेवटी तोच छोटासा झटका. बाबा माझ्याकडे बघत होते. पेपर कोरा देऊन आलेला मुलगा मास्तरांकडे बघतो ना, तसे.

"काय निकाल?" बाई किंचाळल्या.

"आत्ता या घरातून ऐकू आलेली शिंक," मी एकेक शब्द तोलून म्हणाले, "आणि रेकॉर्डवरची शिंक एकाच माणसाची आहे."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. माणूस कोणता, ते कोणी विचारलं नाही!

स्टुडिओत टाळ्या पडल्या. बाबा सवयीने उठून उभे राहिले. फोन ठेवल्यावर सासूबाईंना हळूच म्हणाले, "माझीही येतच होती गं. तू मध्ये घुसलीस."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात," सासूबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या. "आणि तेव्हाही रुमाल दिला नव्हतात."

बाबांनी मुकाट्याने रुमाल काढून दिला.

मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात फोन वाजला. टीव्हीवाले होते. पुढच्या रविवारी बाबांना स्टुडिओत बोलावलं होतं. त्यांना शिंक नुसती ऐकायची नव्हती, बघायची होती.