वल्हं हातात असलेला मानकरी

मान कुणाला द्यावा, कधी द्यावा आणि कुणाच्या देखत द्यावा, या विषयात माझ्याइतका जाणकार अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नाही, असं दुसरं कुणी म्हणत नाही. म्हणून मलाच म्हणावं लागतं. सतरा वर्षं पोस्टात काढली आहेत! पाकीट हातात घेतलं की काट्यावर न ठेवता वजन सांगतो. माणसांचंही तसंच. कोण फुगलेला, कोण भरलेला आणि कुणावर तिकीट कमी लागलंय, हे मला ओट्याच्या पायरीवरून कळतं.

बासष्ट साली मी बोर्ली पंचतनच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात पोस्टमास्तर होतो. मूळचा मी डोंगराकडचा, भातशेतीवाला. पोहता येत नाही, आणि होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं अन्न बाहेर यायच्या रांगेत उभं राहतं. तरीही गावाच्या व्यायाम मंडळाचा चिटणीस मीच! कारण मंडळात लिहिता येणारा मी एकटा, आणि लिहिल्यावर थांबता न येणाराही मी एकटाच.

त्या वर्षी वर्तमानपत्रांत एक वाद पेटला होता. दिल्लीनं खेळाडूंना मानाची पदकं द्यायला नुकतीच सुरुवात केली होती. आता प्रश्न असा, की खेळाडू अजून मैदानात असतानाच त्याला राष्ट्राचा सन्मान द्यावा की नाही? एक पक्ष म्हणे, आज पदक दिलं आणि उद्या गडी आपटला, तर राष्ट्राच्या अब्रूचं काय? दुसरा म्हणे, दात पडल्यावर चणे देऊन काय उपयोग?

वर्तमानपत्र आमच्याकडं एक दिवस शिळं येई आणि पोस्टाच्या ओट्यावर मोठ्यानं वाचलं जाई. मी अर्थातच दुसऱ्या पक्षाचा. पहिल्या पक्षात होते चांगदेवबाबा. वय सत्तर, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला सोनेरी कागदातला नारळ देण्याचा मान गेली नऊ वर्षं त्यांच्याकडं.

"जो बसला त्याला मान," चांगदेवबाबा म्हणाले. "जो वल्हवतो त्याला वल्हं. दोन्ही एका हातात देऊ नये, मास्तर."

"म्हणजे मासा मेल्यावर त्याला पाणी पाजायचं म्हणा की!" मी म्हणालो. ओटा हसला. चांगदेवबाबा हसले नाहीत. मी मनातल्या वहीत त्यांच्या नावापुढं लिहिलं: मत्सर.

मग मी एकदम घोषणाच केली! "दिल्ली काय करायची ती करो. आपल्या गावात औंदाच्या नारळाचा मान कोंडाजी तांडेलाला!"

आता कोंडाजी कोण, ते सांगतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खाडीत होड्यांची शर्यत व्हायची, ती ओळीनं सहा वर्षं जिंकणारा हा गडी. वय बेचाळीस, दंड म्हणजे भिजवलेले दोरखंड. पण गेल्या वर्षी त्याचा भाचा मोरू अवघं अर्धं वल्हं मागं राहिला होता. मोरू तेविसाचा. तेव्हापासून कोंडाजीच्या डोक्यात एकच भुंगा.

"औंदा मोरूला हरवला तर वल्हं खाली ठेवीन," तो सगळ्यांना सांगे. "हरलो तरी ठेवीन. पन कळाया पायजे, म्या अजून हाय का न्हाय."

माझी घोषणा ऐकून तो कावराबावरा झाला. "मास्तर, नको मला. मला मोरूसंगं वल्हवायचं हाय."

"वल्हव की! वल्हवतोयस म्हणूनच तर मान!"

"तसं न्हाय... मानकऱ्याचं कसं असतं, ठावं हाय ना तुम्हाला?"

"ठाऊक म्हणजे? सतरा वर्षं पोस्टात काढलीत!"

कोंडाजीनं मान खाली घातली. त्याच्या नावापुढं मी लिहिलं: विनय. त्याची बायको वेणूबाई मासळीची पाटी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "मास्तरांनी इचार केलाच असंल," ती म्हणाली, पण हे वाक्य तिनं नासकं पापलेट हातात घ्यावं तसं उच्चारलं. गावानं एकदा चारचौघांत देऊ केलेला मान परत करायची तिथं रीत नाही. त्यामुळं ठरलं ते ठरलं.

इथं थांबलो असतो तर पोस्टमास्तर कसला! मी जिल्ह्याच्या खेळ-शिफारस समितीला साडेतीन पानी पत्र लिहिलं, की आमच्याकडं एक चालू खेळाडू राष्ट्रीय सन्मानाला योग्य आहे, तरी येऊन पाहावा. आणि उत्तर आलं! समितीचे एक साहेब येणार. पण त्यांना एकच दिवस सवड, तोही पौर्णिमेचाच. चारच्या एस.टी.नं परत.

मग मी आयुष्यातली सगळ्यात हुशार गोष्ट केली. नारळ आणि शर्यत एकाच दिवशी ठेवली! कोंडाजीनं नारळ होडीत घ्यायचा, सगळ्यांनी धक्क्यावरून एकदम सुटायचं, खाडीच्या तोंडाशी त्यानं नारळ समुद्राला द्यायचा, आणि वळसा घालून जो पहिला धक्क्याला लागेल तो जिंकला. गावापुढं मांडलं तेव्हा सगळे माझ्याकडं टकामका बघत राहिले. मला वाटलं, थक्क झालेत.

वाचकहो, एक गोष्ट सांगायची राहिली. दरवर्षी पौर्णिमेला मी राखी बांधून घ्यायला आणि नारळीभात खायला माझ्या गावी जात असे, आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या वेळेला हजर होत असे. नारळाचा सोहळा मी एकदाही पाहिलेला नव्हता!

पौर्णिमा उजाडली. साडेबाराची भरती. साहेब धक्क्यावर खुर्चीत, डोक्यावर छत्री, मांडीवर कोरे कागद. अकरा होड्या पताका लावून तयार. साहेबांना सगळं रुबाबदार दिसावं म्हणून मी पंचाची होडी काढली होती. होडी कसली, टोपलीच ती! वल्हवायला म्हातारा भिकू, ज्याला स्वतःचा खोकला तेवढा ऐकू येई. मी शिट्टी फुंकली आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा वाटलं, शर्यत अजून सुरू व्हायचीय. कोंडाजीची होडी बाणासारखी सुटली होती, पण तिच्यामागं दहा होड्या अगदी एका रांगेत, वऱ्हाडाच्या बैलगाड्यांसारख्या! मोरूची होडी पहिली. तिचं नाक कोंडाजीच्या सुकाणूला लागायला आलं की मोरू ओरडे, "धरा रं, धरा!" आणि त्याचे गडी वल्ही उलटी मारून होडी थोपवत. ज्यांनी वर्षभर पुढं जायचा सराव केला होता, ते घामाघूम होऊन मागं राहत होते!

"मोरू!" कोंडाजी गरजला. "पुढं ये की रं! जोर सरला काय?"

"मामा, इचारता काय? मानाच्या होडीम्होरं नाक घातलं तर वरीसभर जाळ्यात शेवाळ येईल!"

 मी होडीची कड घट्ट धरली. "भिकू! हे काय बोलतायत?"

भिकूला ऐकू आलं नाही. पण बाजूच्या होडीतून चांगदेवबाबांनी शांतपणे उत्तर दिलं. ते नातवंडांना घेऊन गंमत बघायला आले होते. "मानकरी परत जमिनीला पाय लावीपत्तुर त्याच्या म्होरं कुनी जात न्हाय, मास्तर. आज्यापंज्यापासनं असंच हाय. म्हनून तर शर्यत दुसऱ्या दिशी."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की ओट्यावर. तुम्ही मला मेलेला मासा म्हनलात."

मनातल्या वहीत 'मत्सर' खोडायला मला वेळच मिळाला नाही, कारण कोंडाजीनं होडी थांबवली. मागच्या दहा थांबल्या. कोंडाजीनं वल्ही उलटी मारली. मागच्या दहांनीही मारली! साहेब धक्क्यावर उठून उभे राहिले. त्यांच्या देखत अकरा होड्या शेपटाकडून धक्क्याकडं येऊ लागल्या, सगळ्या आपापल्या जागी, एकमेकांचा मान राखून. मी दुरून त्यांना हात केला. जणू आमच्याकडं अशीच पद्धत!

"मास्तर!" कोंडाजीचा आवाज फाटला होता. "तुमच्या या मानानं माझी शर्यत खाल्ली! म्या वरीसभर या दिसासाठी वल्हं मारलंय! मला काय पदक खायचं हाय?"

 मी शिट्टी दातांत घट्ट धरली.

मग कोंडाजीला युक्ती सुचली. नारळ ज्याच्या हातात तो मानकरी. त्यानं सोनेरी नारळ उचलला आणि मोरूकडं फेकला. "घे! तूच हो मानकरी! जीव खाऊन वल्हव, म्या गाठतो का बघ मागनं!"

मोरूनं झेलला, कारण मानाचा नारळ पाण्यात पडू देणं झेलण्याहून वाईट. पण झेलल्यावर त्याचं तोंड निखारा हातात आल्यासारखं झालं. "मला नको! मग जिंकलो तरी लोक म्हनतील, मानकरी व्हता म्हनून!" आणि त्यानं तो आपल्या मागच्या, रघूच्या होडीत फेकला. रघूनं त्याच्या मागच्याकडं. मी अनेक सत्कार पाहिले आहेत. पण जो मान मिळू नये म्हणून अकरा होड्यांतले गडी आडवे पडत होते, असा मान तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काठावर बायका ओरडत होत्या. वेणूबाईचा आवाज सगळ्यांच्या वर, "पाडू नका मेल्यांनो, वरीस बुडवाल!"

शेवटच्या होडीतल्या गड्याला फेकायला कुणी सापडेना. त्याला मी दिसलो.

आयुष्यात मी एकही झेल घेतलेला नाही. शाळेत चेंडू माझ्याकडं आला की मी आदरानं बाजूला होत असे. पण त्या दिवशी शिट्टी तोंडातून पाण्यात पडली आणि नारळ बरोबर माझ्या पोटावर येऊन बसला! मी दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो टाकला असता तर पोटातलं बाकी सगळं गेलं असतं.

 मग भिकूनं, ज्याला काही ऐकू येत नव्हतं पण सगळं दिसत होतं, खाकरून वल्हं मारायला सुरुवात केली. पुढं आमची टोपली. मागं अकरा होड्या, कुलाब्यातले सगळ्यात तगडे गडी, नखानं पाणी ढकलल्यासारखं वल्हवताहेत. खाडीच्या तोंडाशी मी नारळ समुद्राला दिला, आणि त्याच्या पाठोपाठ सकाळचे पोहेही. वळसा घालून परत यायला तास लागला.

आणि धक्क्याला पहिली होडी लागली, ती आमची!

साहेब पायऱ्या उतरून धावत आले. त्यांनी माझा हात हातात घेतला. "या वयात! एवढ्याशा होडीत! अकरा होड्यांना मागं टाकून!"

"साहेब, मी पंच..." एवढंच मला बोलता आलं. बाकीचं उलटीत गेलं.

"पंचावन्न वय? वाटत नाही हं!" साहेबांनी लिहून घेतलं. "आणि शेवटपर्यंत सगळे तुम्हाला गाठू पाहत होते, पण एकाचीही टाप नाही! काय दरारा!"

मी जमिनीला पाय लावला तोच मागून आरोळी उठली. माझा पाय लागायचीच वाट बघत होते दोघं! कोंडाजी आणि मोरूनं होड्या फिरवल्या आणि सुटले. ना शिट्टी, ना पंच, ना साहेब. ती वल्ही अशी पडत होती, की धक्का हादरत होता. अख्खं गाव काठाकाठानं पळत निघालं. हार घालणारेसुद्धा हार माझ्या गळ्यात अर्धा टाकून पळाले.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "हरलेल्यांचा सराव." आणि त्यांना चहाला नेलं. एस.टी. चुकायला नको!

अर्ध्या तासानं कोंडाजी पोस्टाच्या ओट्यावर आला. केसांतून पाणी गळत होतं, छाती भात्यासारखी हलत होती, आणि चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं, जिंकला!

"दीड होडीनं हरलो, मास्तर!" त्यानं मांडीवर थाप मारली. "दीड! पोरगं लई जोराचं हाय. पन खरं हरलो. आता डोक्यातला भुंगा गेला." मग तो चांगदेवबाबांच्या शेजारी टेकला, पाय लांब केले आणि म्हणाला, "आता द्या काय मान द्यायचा तो. आता म्या मोकळा हाय."

चांगदेवबाबांनी पानाची चंची त्याच्यापुढं सरकवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघायची गरजही नव्हती म्हणा!

महिन्याभरानं जिल्ह्याहून लखोटा आला. मीच शिक्का मारला, मीच फोडला. आत माझ्या नावानं लिहिलं होतं: "आपली वल्हवण्यातील कामगिरी समितीस मान्य आहे. तथापि आपण अद्याप स्पर्धेत भाग घेत असल्याचे दिसते. चालू खेळाडूस सन्मान द्यावा किंवा कसे, याबाबत समितीत एकमत झालेले नाही. तरी आपण निवृत्त होताच तारीख लेखी कळवावी, म्हणजे पुढील विचार करणे सोयीचे होईल."

मी त्यानंतर होडीत पाय ठेवलेला नाही. पण तारीखही कळवलेली नाही. आता खरं सांगू? चालू खेळाडू म्हणून आपलं नाव एका तरी सरकारी कागदावर आहे... ते आपल्याच हातानं कोण खोडतंय!