मान्य नाही, बैस

आमच्या शेजारच्या नानांना "आज उकाडा फार आहे" असं म्हटलं, की ते आतून शाल आणून पांघरून बसतात. रत्नागिरीत, मे महिन्यात. कपाळावरून घामाचे ओघळ चाललेले असतात, पण नाना शालीचं टोक गळ्याशी ओढून म्हणतात, "कसला उकाडा? मला तर शिरशिरी येत्ये."

नाना कोणाचंच म्हणणं मान्य करत नाहीत. दारावर येणारी कोळीण म्हणाली, "नाना, बांगडा ताजा हाय," की नाना म्हणतात, "शिळा आहे." ती वैतागून म्हणते, "बरं, शिळा तर शिळा!" लगेच नाना टोपलीत वाकतात. "शिळा कसा गो? डोळा बघ त्याचा, कसा चकाकतोय!" आणि बांगडे घेऊन टाकतात. तिला आता हे माहीत झालंय. ती आल्या आल्याच सांगते, "नाना, आज शिळा हाय."

समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, "मान्य नाही. बैस." मग माणूस बसतो. न बसून सांगतो कोणाला?

"नाना, तुम्ही कधीच कसे हो म्हणत नाही?" असं मी एकदा विचारलं होतं. ते कचेरीत कारकून होते. म्हणाले, "नोकरीभर 'होय साहेब, होय साहेब' केलंय. माझा कोटा संपला." मला ते पटलं होतं.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेमुळे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आई शाळेपुरती शिकलेली, बाबा टेम्पोतून आंब्याच्या पेट्या मुंबईच्या बाजारात पोचवतात. वाद कसा घालायचा हे घरी कोणाला विचारणार? आणि मला तर वर्गात हजेरी द्यायलाही आवाज फुटत नसे. विषय होता, 'विजेवरची गाडी हाच उद्याचा मार्ग'. मी अनुकूल बाजूने. बाबांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "मग माझा डिझेलचा टेम्पो काय खाडीत ढकलू?" आई म्हणाली, "नानांकडे जा. फुकटात भांडायला मिळेल."

नानांच्या ओट्यावरून आंब्याच्या कलमांच्या फटीतून खाडीचा तुकडा दिसतो. संध्याकाळी तो आधी पिवळा, मग जांभळा होत जातो. मी तिकडे बघत, कागद हातात धरून, अडखळत सुरू केलं. "विजेच्या गाडीमुळे धूर होत नाही..."

"मान्य नाही. बैस. वीज येते कुठून?"

"तारेतून."

"आणि तारेत?"

मी कागद चाळू लागले.

"कोळसा जाळून येते बरीचशी. म्हणजे धूर आहेच. तुझ्या दारात नाही, दुसऱ्याच्या दारात आहे."

दुसऱ्या दिवशी मी तयारी करून गेले. म्हटलं, "आपल्या सड्यावर, उघड्या कातळावर, एवढं ऊन पडतं नाना, त्याच्यावर वीज करायची."

"आणि पावसाळाभर? ऊन काय बरणीत भरून ठेवणार? लोणचं आहे?"

"वारा आहे की!"

"वारा सुटला की आपल्याकडे पहिली वीजच जाते गो!"

हे मात्र खरं होतं. मी हसले, तेही हसले.

बोलता बोलता मला एक रस्ता दिसू लागे. सड्यावरचा, कातळाच्या कडेने पूर्णगडाकडे जाणारा. त्यावरून गाड्या जातायत, पण आवाज नाही. होड्या तरंगाव्यात तशा. बाबांचा टेम्पोही त्यातच, मागे पेट्या, पेट्यांना आंब्याचा वास, डिझेलचा नाही. आणि खालून समुद्राचा आवाज थेट टेम्पोत ऐकू येतोय. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते खाडीकडे वळले. मला वाटलं, आज हो म्हणणार.

"मान्य नाही," ते म्हणाले. "आमच्या डॉक्टरांनी घेतलीय ना तसली गाडी. कधी आली, कधी गेली, कळतच नाही. माणसाने वाट कशाची बघायची मग?"

स्पर्धेच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून बाजू बदलल्या आणि माझ्याकडे प्रतिकूल आली. मी धावत नानांकडे गेले. सोपंच होतं, त्यांचेच मुद्दे त्यांना ऐकवायचे. मी म्हटलं, "नाना, वीज कोळशातून येते."

"मान्य नाही. बैस," नाना म्हणाले. "आज येते म्हणून उद्याही येईल? सड्यावर ऊन केवढं पडतं ते बघितलंस का?"

मग त्यांनी माझे सगळे मुद्दे, होड्यांसारख्या गाड्यांसकट, माझ्यापेक्षा चांगले करून मला ऐकवले. मी प्रत्येक मुद्द्याला उत्तर शोधत बसले. दिवेलागण झाली तरी आमचं चाललंच होतं.

स्पर्धेत समोरचा मुलगा अगदी ऐटीत म्हणाला, "विजेच्या गाडीला विरोध करणं म्हणजे अज्ञान!" आणि माझ्या तोंडून, माईकवर, आपसूक निघून गेलं, "मान्य नाही. बैस." सगळं सभागृह हसलं. तो मुलगा खरोखरच बसला. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

प्रमाणपत्र दाखवायला गेले तेव्हा नाना म्हणाले, "उत्तेजनार्थ कसं? पहिलं द्यायला हवं होतं. मान्य नाही." त्या दिवशी ते खुशीत होते. माईंचा विषय निघाला. माई म्हणजे त्यांची बायको, मी शाळेत असताना गेल्या. दोघं एकदा एसटीने संगमेश्वरला लग्नाला निघाली होती. बैलगाडी बरी की मोटार, यावर वाद सुरू झाला. माई मोटारीच्या बाजूने. वाद संपला तेव्हा संगमेश्वर मागे पडून चिपळूण आलं होतं.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"संपला म्हणजे भूक लागली म्हणून थांबला. परतीच्या गाडीत पुन्हा सुरू." नाना हसले आणि मग चष्मा पुसत बसले. "ती गेली तेव्हा सगळी वाडी आली. मी काही म्हटलं की, 'हो नाना.' दुसरं काही म्हटलं, 'खरंय नाना.' शेवटी मुद्दाम म्हटलं, माईच्या हाताला चव नव्हती. तर त्यालाही हो म्हणाले गो! तिचे मोदक खाल्लेली माणसं!"

नानांनी चष्मा परत लावला.

"हो म्हटलं की माणूस उठतो," नाना म्हणाले. "चपला शोधायला लागतो."

'होय साहेब'च्या कोट्याची गोष्ट खरी नव्हती तर.

यंदा माझं पदवीचं शेवटचं वर्ष संपलं आणि पुण्याला, बॅटरीवरच्या गाड्यांच्याच अभ्यासक्रमाला, मला प्रवेश मिळाला. आई म्हणाली, "तुला समजतं ते कर." बाबा म्हणाले, "आमचं काय, आम्हाला यातलं कळत नाही." इतकं मोकळं सोडल्यावर मला काहीच ठरवता येईना. म्हटलं, नानांकडे जावं. ते नको म्हणतील, मग उत्तर देता देता माझं मला कळेल, मला खरंच जायचंय का ते.

ते ओट्यावरच होते. खाडी पिवळी झाली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "नाना, पुण्याला जावं म्हणते."

त्यांनी पुरतं ऐकलं. हात चष्म्याकडे गेला, पण चष्मा त्यांनी कपाळावर चढवला नाही. काढून मांडीवर ठेवला.

"मान्य आहे," नाना म्हणाले.

पुढे 'बैस' म्हणाले नाहीत.

पायरीशी माझ्या चपला होत्या. एका चपलेत पाय सरकवला, तेव्हा माझं मलाच दिसलं की मी काय करत्ये. मी पाय काढून घेतला.

"मला मान्य नाही," मी म्हटलं. "सरका जरा, बसते."

नानांनी मान वर केली. "काय मान्य नाही?"

"जावंच कशाला? इथे नाही का शिकता येत? आईला सोबत कोणाची? आणि जो विजेवरचा टेम्पो अजून घरात नाही, त्याच्यासाठी..."

नानांचा चष्मा हळूहळू कपाळावर चढला.

"बैस तर नीट," ते म्हणाले. "सांगतो."

डॉक्टरांची विजेवरची गाडी रोज दिवेलागणीला आमच्या दगडी गडग्यापासून वर जाते. त्या संध्याकाळी ती कधी गेली, आम्हा दोघांनाही कळलं नाही.