डाबरे मोजून बघतात

मस्कतमध्ये, अझैब्याला आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले डाबरे कुठल्याही छापील आकड्यावर विश्वास ठेवत नसत. किलोभर साखर आणली की आधी काट्यावर. पहिल्याच भेटीत मी माझं वय अठ्ठावन्न सांगितलं, तर म्हणाले, "ताई, हे लिहिलेलं की मोजलेलं?" मी चहा ठेवायला उठले. साठी उलटली होती.

मी मात्र लिहिलेल्यावर जगणारी बाई. 'सात दिवसांत उजळ कांती' असं छापलेली क्रीम मी लग्नापासून मंदारच्या मुंजीपर्यंत लावली. मुंजीच्या फोटोत कांती दिसत नाही, श्रद्धा तेवढी दिसते.

डाबरे वसईचे. तेल कंपनीत मीटर तपासणारे इन्स्पेक्टर. दिवसभर तपासून जीव भरत नसे, म्हणून घरी बॅटऱ्या तपासायचे. टॉर्चमध्ये आणि त्या वाफेच्या सिगारेटींत, म्हणजे व्हेपमध्ये बसतात ना, ते जाडसर, चार्ज होणारे सेल. बाल्कनीत त्यांचं सेल मोजायचं यंत्र, आणि शेजारी मी दिलेली, वाळू भरलेली कुंडी. तिच्यातली तुळस मस्कतच्या उन्हाळ्यानं नेली होती. एखादा सेल तापला की डाबरे त्याला वाळूत पुरत आणि म्हणत, "पेशंट आहे, धक्का लावू नका."

आमचा मंदार, एका मुलीचा बाप, चोरून व्हेप ओढायचा. घरात आंब्याचा वास दरवळायचा आणि मी खुळी फ्रिज उघडून आंबे शोधायची. एकदा जिन्यात डाबरेंनी त्याला अडवलं. खिसा खुळखुळत होता.

"काय आहे रे खिशात?"

"किल्ल्या, अंकल. नि एक स्पेअर सेल."

"एकाच खिशात? किल्ली दोन्ही टोकांना टेकली तर पँट पेटेल, बाबा! यल्ला, चल, काढ बाहेर."

सोनेरी वेष्टनाचा सेल निघाला. कडेला वेष्टन फाटलेलं, वर विजेची क्षमता झोकात छापलेली: ९९०० एमएएच. डाबरे खूश. "ह्या मापात एवढं मावतच नाही. छापणाऱ्याचं मन मोठं!" सेल यंत्रावर चढला. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत आम्हा मायलेकांसमोर निकाल लागला. हजारसुद्धा धड भरले नाहीत, वर अंग चटका बसण्याइतकं तापलेलं. रवानगी कुंडीत.

"खलास. हा परत मिळायचा नाही."

"अंकल, माझा आहे तो! रोज वापरतो, आजवर काही झालेलं नाही."

"झालेलं नाही, हे मोजमाप नव्हे."

हे असलं पेटतं प्रकरण माझं लेकरू तोंडाला लावत होतं! पण मंदार हट्टी, माझ्यावरच गेलेला. कुंडीकडे हात नेताना त्याला फळीवरची टॉर्च दिसली. त्यानं ती उघडली. आत तसाच सोनेरी सेल.

"वा, अंकल! तुमच्याकडेपण ९९००! ह्याचे किती भरले?"

डाबरेंची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "तो मोजला नाही."

"का?"

"सिसिलियानं आणला. मी बीचवर गळ टाकायला जायचो, तर अंधाराची तिला काळजी. रुवीच्या बाजारातून टॉर्च घेऊन आली. म्हणाली, बघा, नऊ हजार नऊशे, आता खुशाल बसा." त्यांनी चष्मा पुसला. "आता गळ टाकायला जात नाही. शुक्रवारी सुट्टी, चर्चहून आलो की ही टॉर्च लावतो थोडा वेळ. मग चार्ज करतो, ह्याच कुंडीत. होईस्तोवर शेजारून उठत नाही. पेशंटला एकटं टाकू नये."

सिसिलिया, डाबरेंची बायको, आदल्या वर्षी हॉस्पिटलातच वारली होती.

मंदारनं टॉर्च बंद करून जागेवर ठेवली. कुंडीतला आपला सेल त्यानं पुन्हा मागितला नाही. खिशातला व्हेपही काढून डाबरेंच्या टेबलावर ठेवला आणि घरी निघून गेला.

पुढच्या शुक्रवारी मी थर्मास घेऊन गेले. सोनेरी सेल वाळूत चार्ज होत होता, डाबरे स्टुलावर. मी खुर्ची ओढली.

"ताई, वेळ लागेल."

"किती?"

"पाच तास लिहिलंय."

"मग पाचच धरू या," मी म्हणाले, आणि चहा ओतला.