सुखद निधनाचा तपास

आपल्या नजरेतून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही, असं ससाणा स्वतःच सांगायचा. दुसऱ्या कुणी सांगावं म्हणून त्याने एकोणपन्नास वर्षं वाट पाहिली, पण कुणी पुढे आलं नाही. छापखान्यात तो मुद्रितं तपासायचा आणि घरी चहा गाळता गाळता बायकोला ऐकवायचा, की चुकीची वेलांटी आणि चोर हे एकाच माळेचे मणी. दोघंही गर्दीत साळसूदपणे उभे राहतात. बायको "हो" म्हणायची. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर, तपासात सहकार्य करण्याचा यापेक्षा झटपट मार्ग नाही, हे तिला कळलं होतं.

मग एका सोमवारी एका प्रतिष्ठित म्हाताऱ्याचं 'सुखद निधन' छापून आलं. निम्मे वारस चिडले. उरलेले निम्मे गप्प राहिले, हे ससाण्याने टिपून ठेवलं. मालकांनी मात्र, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू, असं शांतपणे सांगितलं.

खरं तर बरेच दिवस अक्षरं धूसर दिसत होती. दुपारी डोकं जड व्हायचं. मेहुणीचं नाव आठवत नव्हतं, किल्ली फ्रिजमध्ये सापडली होती. कुणीही म्हटलं असतं, वय झालं. ससाणा म्हणाला, घातपात.

पहिला संशय शाईवर. मालक ती पातळ करतात म्हणे. छापणाऱ्याने त्याच्या बोटाला शाई लावून दाखवली. डाग आठवडाभर हलला नाही. दुसरा संशय चष्मेवाल्यावर, त्याने मुद्दाम चुकीचा नंबर दिला. ससाण्याने आयुष्यात चष्मा केलेलाच नव्हता, ही किरकोळ अडचण बायकोने दाखवून दिली. तेव्हा घरातला दिवा मंद ठेवल्याचा आरोप तिच्यावरच आला. तिने निमूटपणे मोठा दिवा लावला. त्या लख्ख उजेडात त्याने डब्यावरचं 'साखर' हे 'सासर' असं वाचलं आणि कटाचं मूळ सापडल्याचं जाहीर केलं.

पण एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता तो थांबला. "बाबांचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "शेवटी मला ओळखत नव्हते."

त्या दिवशी त्याने कुणावर संशय घेतला नाही. बायको घाबरली ती त्यामुळेच. तिने रजा टाकली आणि त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी साखर, थायरॉइड, रक्तदाब, झोप, काळजी अशी कारणं सांगून तपासण्या लिहून दिल्या. गोळ्या कुठल्या चालू आहेत, असं विचारलं. ससाण्याने छातीठोकपणे सांगितलं, की एकही नाही. बायकोने पर्समधून चार रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. कपडे धुवायला टाकताना त्याच्या खिशांत सापडलेली.

"ती गोळी नाही," ससाणा म्हणाला. "ती सर्दीची आहे."

कागदाच्या धुळीने शिंका येतात म्हणून तीन महिने तो ती सकाळ-दुपार घेत होता. बाईंनी पाकिटामागचं नाव वाचलं. या जुन्या गोळीने गुंगी येते, नजर धूसर होते, विसरायलाही होतं. जवळचं कमी दिसणं तेवढं वयाचं, त्याला चष्मा. त्यांनी औषध बदललं. तपासण्याही ठीक आल्या.

पंधरा दिवसांत मेहुणीचं नाव परत आलं. पाठोपाठ ऐटही आली. गोळीवर आपला पहिल्यापासून संशय होता, असं त्याने बायकोला सांगितलं.

"मग खात कशाला होतात?"

"अशा गोष्टींचा बोभाटा करायचा नसतो," ससाणा गंभीरपणे म्हणाला. "पोटात ठेवायच्या असतात."

बायकोने पाठ फिरवली. तिचे खांदे बराच वेळ हलत होते. साक्षीदार निरुत्तर, अशी ससाण्याने वहीत नोंद केली.